आरबीसी काउंट ५.९०: एका रक्त-अहवालावरचे भाष्य

मराठवाड्यातल्या वाळूज औद्योगिक पट्ट्यात कंपनीत लागायचे तर गेटपासच्या आधी ‘मेडिकल’ होते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांचे शेड उभे राहिले आणि जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याकडची पोरे बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरीच्या भाड्याच्या खोल्यांत राहायला आली. आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत त्यांच्या फाइलीत सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, एक कागदही असतो. ‘एचबी किती पॉइंट?’ एवढे पाहून तो पुन्हा फाइलीत जातो. माझे म्हणणे असे की हिमोग्लोबिनच्या (एचबीच्या) खालची ओळ, म्हणजे तांबड्या पेशींची मोजणी, वाचल्याशिवाय एचबीच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. आणि अर्थ न लावता दिलेली लोहाची गोळी किंवा मारलेला ‘अनफिट’चा शिक्का, दोन्हींनी माणसाचे नुकसान होते.

भाष्यासाठी घेतलेला अहवाल नमुन्याचा आहे, कोणा एका माणसाचा नाही. आकडे मात्र एकमेकांशी जुळणारे आहेत. डावीकडे निकाल आणि पुढे नॉर्मल रेंज, जशी लॅबच्या कागदावर छापलेली असते तशीच.

पुरुष, वय २६. नमुना: ईडीटीए रक्त.

ही ओळ ओलांडून पुढे जाण्याची घाई करू नये. पुरुषाची आणि बाईची रेंज वेगळी असते. पुरुषाच्या तांबड्या पेशी ४.५ ते ५.५, बाईच्या ३.८ ते ४.८ (दशलक्ष प्रति घनमिलिमीटर). वयात आल्यावर पुरुषी संप्रेरक पेशींची निर्मिती वाढवते आणि बाईचे दर महिन्याला रक्त जाते, म्हणून हा फरक पडतो. तेव्हा बाईचा कागद नवऱ्याच्या कागदाशेजारी ठेवून ‘तुझे कमी, माझे जास्त’ असे ठरवता येत नाही.

रेंज कशी काढतात तेही माहीत असावे. पुष्कळ निरोगी माणसांचे रक्त तपासून मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेतात. म्हणजे वीस निरोगी माणसांतला एक जण रेंजच्या बाहेर राहणारच. कागदावर पंधरा-वीस ओळी असतील, तर धडधाकट माणसाच्याही एखाद्या ओळीपुढे ‘एच’ (जास्त) किंवा ‘एल’ (कमी) लागू शकतो. रेंजच्या काठावरच्या एकट्या अक्षराने घाबरायचे कारण नाही. चार-पाच ओळी मिळून एकच गोष्ट सांगू लागल्या, की मात्र ऐकावे.

ईडीटीए म्हणजे जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधले द्रव्य. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. सॅम्पल घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची असते. कंपनीच्या कॅम्पमध्ये रांग लागली की नेमके हेच राहून जाते. मग ट्यूबमध्ये बारीक गुठळी होते, तिच्यात पेशी अडकतात आणि मोजणी खोटी कमी येते. सॅम्पल दिवसभर पडून राहिले तर पेशी फुगतात आणि त्यांचा आकार खोटा वाढतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कॅम्पचे सॅम्पल शहरातल्या लॅबमध्ये कधी आणि कसे पोहोचले, हे विचारणे रास्त आहे.

हिमोग्लोबिन: ११.२ (१३.० ते १७.०) एल

सगळ्यांची नजर जाते ती इथे. एक डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन किती ग्रॅम, हा तो आकडा. आपल्याकडे त्यालाच ‘पॉइंट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने पुरुषात १३ च्या खाली आणि गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. तेव्हा या तरुणाला ॲनिमिया आहे, एवढे खरे. पण कोणता, ते ही ओळ सांगत नाही. लोह कमी, बी-१२ कमी, मूळव्याधीतून रक्त जाते, मूत्रपिंड बिघडले, की जन्मापासूनच अशी घडण आहे, यांतले काहीही असले तरी ११.२ येऊ शकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५७ टक्के आणि पुरुषांत २५ टक्के ॲनिमिया आढळला. आजार इतका सार्वत्रिक असला, की एचबी कमी दिसताच लोहाची गोळी लिहून मोकळे होण्याची सवय लागते. बहुतेकदा ती गोळी योग्यच असते. कोणाच्या बाबतीत ती चुकते, ते पुढची ओळ दाखवते.

आरबीसी काउंट: ५.९० दशलक्ष प्रति घनमिलिमीटर (४.५ ते ५.५) एच

आपल्या हिशेबाने हे ५९ लाख झाले. एक घनमिलिमीटर म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे रक्त. एक थेंब साधारण पन्नास घनमिलिमीटरचा धरला, तर त्यात साडेएकोणतीस कोटी पेशी होतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मोठ्या माणसाच्या हाडांतला मगज दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या पेशी घडवतो.

एवढ्या पेशी मोजतात कशा? पूर्वी काचेच्या न्यूबॉवर चेंबरमध्ये हाताने मोजत, आणि डीएमएलटी या लॅब-अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला ते अजूनही शिकवतात. रक्त दोनशेपट पातळ करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ८० बारीक चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि दहा हजारांनी गुणायचे. या तरुणाच्या रक्तात त्या चौकोनांत सुमारे ५९० पेशी दिसल्या असत्या. वीस-पंचवीस इकडे-तिकडे मोजल्या तरी निकाल दोन-अडीच लाखांनी हलतो, म्हणून हाताच्या मोजणीवर डॉक्टरांचा फारसा भरवसा नसे. वॉलेस कोल्टर या अमेरिकी तंत्रज्ञाला १९५३ साली ज्या युक्तीचे पेटंट मिळाले, तिने हे चित्र बदलले. पातळ केलेले रक्त एका सूक्ष्म छिद्रातून सोडतात आणि छिद्रातून विजेचा प्रवाह चालू ठेवतात. पेशी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ती छिद्रातून जाताना प्रवाहाला क्षणभर धक्का बसतो. जितके धक्के तितक्या पेशी, आणि धक्का जितका मोठा तितकी पेशी मोठी. आजच्या पुष्कळ लॅबमधली यंत्रे याच तत्त्वावर चालतात. या ओळीचा आकडा त्यामुळे हिशेबातून काढलेला नसतो. तो थेट मोजलेला असतो आणि म्हणूनच विश्वासाचा असतो.

आता मुख्य गोष्ट. एचबी ‘एल’ आणि तिच्याखालच्या ओळीत काउंट ‘एच’. हिमोग्लोबिन असते ते तांबड्या पेशींतच. मग पेशी जास्त असून हिमोग्लोबिन कमी कसे? लॅबची चूक म्हणून फाडून टाकावा असा हा कागद नाही. टेम्पो नेहमीपेक्षा जास्त सुटलेत, पण प्रत्येकात माल अर्धाच भरलेला आहे, असा त्याचा अर्थ. निरोगी रक्तात काउंटला तीनने गुणले की साधारण एचबी मिळते. ५ ला १५, असा लॅबवाल्यांचा जुना पडताळा आहे. इथे ५.९० ला तीनने गुणले तर १७.७ यायला हवे होते, आणि आले ११.२. साडेसहा ग्रॅमची ही तूटच या अहवालाचे खरे निदान-सूत्र आहे. नुसती एचबीची ओळ वाचणाऱ्याला ती दिसत नाही.

लोहाच्या कमतरतेत सहसा असे होत नाही. कच्चा मालच नसला की मगज हळूहळू पेशीही कमी काढतो, आणि काउंट रेंजच्या खालच्या टोकाला येतो किंवा त्याही खाली उतरतो. ज्याच्याकडे लोह आहे, मगजही जोरात काम करतो, पण हिमोग्लोबिनची एक साखळी घडवणारे जनुकच जन्मतः अर्धे बंद आहे, त्याच्यात पेशी लहान, फिक्या आणि संख्येने भरपूर निघतात. याला थॅलेसेमिया मायनर किंवा थॅलेसेमियाचा वाहक म्हणतात.

काउंट वाढण्याची दुसरीही कारणे आहेत, पण त्यांत पेशीचा आकार बहुधा ठीक असतो आणि एचबीही वाढलेले असते. भट्टीजवळ किंवा फोर्जिंग शॉपमध्ये पाळी करून, पाणी न पिता थेट सॅम्पल द्यायला बसलेल्या माणसाचे रक्त आटलेले असते. त्यात पेशी वाढत नाहीत, पाणी घटते, आणि काउंट फुगलेला दिसतो. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून ठेवतो, म्हणून शरीर भरपाईला जास्त पेशी काढते. झोपेत श्वास अडकणारा, घोरणारा माणूस आणि फुप्फुसाचा जुना रोगी यांच्यातही हेच होते. हे सगळे बाजूला सारूनही पुरुषाचे एचबी १६.५ च्या वर आणि काउंट चढाच राहिला, तर पॉलिसायथेमिया व्हेरा या मगजाच्या विकाराचा विचार करावा लागतो. त्यात रक्त दाट होऊन गुठळीचा धोका असतो आणि जेएके-२ ही जनुकीय तपासणी लागते. तेव्हा ‘रक्त जास्त आहे, चांगलेच आहे’ हा समज सोडावा.

काउंट कमी आला, तर सोबतच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पाहाव्यात. तिन्ही मिळून खाली असतील, तर प्रश्न मगजाचा असू शकतो, आणि त्या वेळी कामगाराने आपण नेमके काय काम करतो ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे. बेंझिनच्या वाफा मगज दाबतात. शिसे हिमोग्लोबिन घडू देत नाही, आणि स्लाइडवर पेशींत निळे ठिपके दाखवते. पेंट शॉप, बॅटरी, सोल्डरिंग या विभागांत राबणाऱ्याच्या अहवालाला खात्याचे नाव जोडल्याशिवाय अर्थ लागत नाही. ‘व्यवसाय: नोकरी’ एवढ्याने भागत नाही.

पीसीव्ही: ३६.६ (४० ते ५०) एल

रक्त नळीत फिरवले की तांबड्या पेशी तळाला बसतात. एकूण रक्ताचा जितका टक्का त्या व्यापतात, तो हा आकडा. मॅक्सवेल विन्ट्रोब यांनी १९२९ साली त्यासाठी आखीव काचनळी तयार केली होती. आज बहुतेक यंत्रे नळी न फिरवता काउंट आणि आकार यांच्या गुणाकारातून तो काढतात: ५.९० गुणिले ६२, भागिले १०, म्हणजे ३६.६. काउंट चुकला तर हाही चुकतो. वेगळा साक्षीदार म्हणून याला मोजू नये.

एमसीव्ही: ६२.० फेम्टोलिटर (८३ ते १०१) एल

पेशीचे सरासरी आकारमान. काउंटच्या ओळीची सख्खी जोडीदार हीच. ६२ म्हणजे पेशी फारच लहान.

विल्यम मेंट्झर यांनी १९७३ साली एक सोपा भागाकार सुचवला: एमसीव्हीला काउंटने भागा. १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता जास्त, १३ पेक्षा जास्त आले तर लोहाची कमतरता. इथे ६२ भागिले ५.९० म्हणजे १०.५. आता शेजारी दुसरा नमुना ठेवू. असेंब्ली लाइनवर काम करणारी एकतीस वर्षांची बाई, एचबी ८.६, काउंट ४.१, एमसीव्ही ६८. भागाकार १६.६. दोघांच्याही पेशी लहान आणि दोघांचेही एचबी कमी. पण तिला लोह हवे आहे, पाळीत रक्त किती जाते हे कोणीतरी विचारायला हवे आहे, आणि त्याला आधी वेगळी तपासणी हवी आहे. फरक दाखवला तो काउंटने.

पण मेंट्झरचा भागाकार म्हणजे निदान नव्हे, आणि महाराष्ट्रात तर तो जपूनच वापरावा. आपल्याकडे दोन-दोन उणिवा एकाच रक्तात असतात. लोह कमी असले की पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट कमी असले की मोठ्या. दोन्ही कमी असले की लहान-मोठ्यांची सरासरी निघते आणि एमसीव्ही साळसूदपणे रेंजमध्ये बसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय मिळून ४४१ पुरुषांचे रक्त तपासले होते. २००६ साली छापलेल्या त्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघाले. शाकाहारी जेवण आणि दूध-दही बेताचे, अशा घरातल्या माणसाचा एमसीव्ही ‘नॉर्मल’ आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचा इतिहास तर आपल्या राज्यातल्या कामगार बायकांच्याच रक्तात लिहिला गेला. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेतून कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगारणींचा अभ्यास करू लागली. त्यांच्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने मोठ्या होत्या, आणि तेव्हा माहीत असलेल्या कारणांत हा ॲनिमिया बसत नव्हता. गरिबीचे, निकस जेवण हेच मूळ, असे तिला दिसले. यीस्टच्या अर्कापासून बनवलेले मार्माइट दिल्यावर त्या बायका सुधारल्या. १९३१ साली तिने हे छापले. यीस्टमधला तो अज्ञात घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आज देशभर गरोदर बाईला लोहासोबत फॉलिक ॲसिड मिळते, त्याच्या मुळाशी गिरणगावातल्या या बायका आहेत. त्यांची नावे कोणी जपली नाहीत याची मला खंत वाटते.

एमसीव्ही वाढण्याचे आणखी एक कारण दारू. रोज पिणाऱ्याची पेशी एचबी घसरण्याआधीच मोठी होऊ लागते.

एमसीएच: १९.० पिकोग्रॅम (२७ ते ३२) एल

एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन, तो हिशेब. ११.२ ला ५.९० ने भागून दहाने गुणले की १९.०. वर सांगितलेली तूट इथे आकड्यात उतरली आहे. एमसीव्हीच्या सोबतीनेच ही ओळ चालते, वेगळे फारसे सांगत नाही.

एमसीएचसी: ३०.६ (३१.५ ते ३४.५) एल

पेशीच्या आत हिमोग्लोबिन किती दाट आहे, ते. रोगापेक्षा लॅबच्या कामाची तपासणी करायला ही ओळ जास्त उपयोगी. पेशीत हिमोग्लोबिन ठरावीक हद्दीपलीकडे मावत नाही, म्हणून हा आकडा ३७-३८ च्या वर गेला तर बहुधा सॅम्पलमध्येच गडबड असते. रक्तात चरबी तरंगत असेल तर एचबी खोटे वाढते. थंडीने पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तर यंत्र चार पेशींना एक मोजते, काउंट खोटा पडतो आणि एमसीव्ही खोटा चढतो. ट्यूब ३७ अंशांवर गरम करून पुन्हा मोजले की खरे आकडे मिळतात. आपल्या अहवालात तशी शंका घेण्यासारखे काही नाही.

आरडीडब्ल्यू: १५.२ (११.६ ते १४.०) एच

पेशी आकाराने एकसारख्या किती, ते ही ओळ सांगते. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी दिवसेंदिवस लहान होत जातात, जुन्या मोठ्या सोबत फिरत असतात, म्हणून हा आकडा १८, १९, त्याहून वरही जातो. थॅलेसेमियाच्या वाहकात सगळ्याच पेशी सारख्या लहान असतात, त्यामुळे तो रेंजमध्ये किंवा किंचित वर. १५.२ वाहकाच्या बाजूने झुकतो, एवढेच म्हणता येईल. मघाशी सांगितलेल्या बी-१२ आणि लोहाच्या दुहेरी उणिवेत एमसीव्ही साळसूद राहतो, पण आरडीडब्ल्यू तिला उघडी पाडतो.

स्मियर: पेशी लहान व फिक्या; टार्गेट सेल दिसतात.

यंत्रानंतर माणसाची नजर. काचेच्या पट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट पाहतो. टार्गेट सेल म्हणजे मधोमध गडद ठिपका, भोवती फिके कडे, पुन्हा बाहेर गडद कडा. थॅलेसेमियाच्या वाहकात त्या वरचेवर दिसतात. ‘स्मियर पाहिला’ असे लिहिलेला अहवाल नुसत्या यंत्राच्या कागदापेक्षा मोलाचा, मग पन्नास-शंभर रुपये जास्त लागोत.

सिकलसेलच्या वाहकाबद्दल मात्र सावध राहावे. त्याचा सीबीसी आणि स्मियर दोन्ही बहुधा नॉर्मल येतात. विदर्भ, नंदुरबार भागांतून वाळूजला आलेल्या तरुणांनी त्याची तपासणी स्वतंत्र मागावी. सीबीसी चांगला आला म्हणजे तोही प्रश्न मिटला, असे होत नाही.

सल्ला: फेरिटिन; एचबी ए२. प्रकृतीशी ताडून पाहावे.

सगळ्यात खाली, बारीक अक्षरात छापलेली आणि सर्वांत कमी वाचलेली ही ओळ. एचबी ए२ हा हिमोग्लोबिनचाच एक प्रकार, आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो कमी निघाला तर आधी लोह भरून काढायचे, कारण लोह कमी असताना ए२ सुद्धा खोटे कमी येऊ शकते. आणि पुरुषाचे लोह कमी निघाले तर गोळीवर थांबू नये. त्याचे रक्त कुठून जाते आहे ते शोधावे: मूळव्याध, पोटातला अल्सर, किंवा गावी शेतात अनवाणी फिरताना पायातून शिरलेला आकडी कृमी.

साठा पुरेसा असेल आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी तपासणीत ए२ हे ३.५ टक्क्यांच्या वर आले, तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक हे जवळपास नक्की. दोन्ही ठीक आले तर अल्फा प्रकाराचा विचार डॉक्टर करतात. वाहकाला महिनोन्‌महिने लोह देऊन एचबी चौदावर जात नाही. कमतरता नसताना नुसते लोह भरत राहणे चुकीचेच. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत हे वाहक जास्त सापडतात, पण मराठी घरांतही ते आहेत.

थॅलेसेमियाचा वाहक आजारी नसतो. ११ पॉइंट एचबी त्याच्या शरीराला जन्मापासून सरावाचे असते आणि बहुतेक जण आयुष्यभर व्यवस्थित काम करतात. कंपन्यांच्या मेडिकल ऑफिसरांना आणि ठेकेदारांना माझी विनंती आहे, की एचबीचा एकटा आकडा पाहून अशा पोराचा गेटपास अडवू नये. काउंट आणि एमसीव्हीची ओळ पाहायला अर्धे मिनिट लागते. १९८७ साली कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतल्या कामगाराला त्याच्या आरोग्याच्या नोंदी पाहायला मिळाव्यात असे घातले होते. त्यामागचा विचार प्रत्येक कामगाराला लागू आहे. तेव्हा शिक्क्यावर समाधान न मानता पूर्ण कागद मागून घ्यावा आणि दर वर्षीचा जुना कागद जपून ठेवावा. आजचा ११.२ आणि तीन वर्षांपूर्वीचा ११.३ शेजारी ठेवले, तर डॉक्टरांचे निम्मे काम तिथेच होते.

आणि ज्याचा अहवाल या नमुन्यासारखा असेल, त्याने लग्न ठरवण्याआधी जोडीदाराची ए२ तपासणी करून घ्यावी. लग्न झाले असेल तर मूल होऊ देण्याआधी, आणि दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांत. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता थॅलेसेमिया मेजरच्या बाळाची असते, आणि त्या बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.